बर्फाची जागल

रात्री अडीचला आचोलेंनी मला हलवलं. "आवाज बदललाय," एवढंच म्हणाले आणि टॉर्च घेऊन बाहेर पडले. लडाखीत आचो म्हणजे थोरला भाऊ, 'ले' आदराचा. गावात सगळे त्यांना तसंच हाक मारतात. मीही मारू लागलो होतो.

जानेवारीतली लडाखची रात्र. नाल्याच्या काठी दोन पुरुष उंच बर्फाचा सुळका, त्याच्या टोकातून डोकावणारा पाइप आणि पाइपातून उडणारं पाणी. संध्याकाळी त्याचा आवाज लाह्या फुटाव्यात तसा येत होता. थेंब हवेतच गोठून तडतडत खाली पडत होते. आता नुसती ओली सळसळ उरली होती. कारंज्याचं तोंड एका बाजूने गोठलं होतं. पाणी एकाच अंगाला पडून, न गोठता पायथ्याशी वाहून जात होतं. आचोलेंनी लांब काठीने पाइपाला बेताचे ठोके दिले. खपली सुटली आणि फवारा पुन्हा छत्रीसारखा उघडला.

मला वाटलं, झालं काम. ते मात्र पाइपाच्या कडेने चढण चढू लागले. पाणी वरच्या बाजूला नाल्यातून घेतलेलं, पाइप जमिनीत गाडलेला, फक्त सांधे उघडे. पंप नाही, वीज नाही. वरून येणारं पाणी स्वतःच्या दाबानेच खाली कारंजं होऊन चढतं. मात्र वाहतं आहे तोवरच ते पाणी. थोडा वेळ थबकलं की पाइपातच त्याचा दगड होतो. मग सांधे खोलायचे, गरम पाणी ओतायचं, आणि रात्र वाया. म्हणून ते प्रत्येक सांध्याला हात लावून, वाकून ऐकत होते.

लेहला वर्षभरात पाऊस आणि बर्फ मिळून जेमतेम १०० मिलिमीटर. शेती हिमनद्यांच्या पाण्यावर, पण सातूची पेरणी वसंतात आणि वितळलेलं पाणी भरपूर येतं ते जूनमध्ये. उलट हिवाळ्यात नाला वाहत असतो तेव्हा शेतं गोठलेली. हे पाणी दोन-तीन महिने थोपवून धरायचं, एवढाच सगळा खटाटोप. चेवांग नोर्फेल या लडाखी सिव्हिल इंजिनियरने १९८०च्या दशकात नाल्यांना दगडी बांध घालून बर्फाचे सपाट थर धरायला सुरुवात केली. त्या थरांना उंची आणि सावली लागायची. सोनम वांगचुक आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २०१३-१४च्या हिवाळ्यात तोच बर्फ शंकूसारखा उभा केला. हाच बर्फाचा स्तूप. गुळाची ढेप पावसाळ्यात बराच काळ धड राहते. फोडून ताटात पसरलेला गूळ लवकर पाझरतो. शंकूचंही तेच. आकारमानाच्या मानाने उन्हाला सामोरा येणारा पृष्ठभाग कमी. सुमारे ६ मीटरचा तो पहिला स्तूप उघड्या उन्हात मेच्या मध्यापर्यंत टिकला. पुढच्या वर्षी फ्यांग गावातला तर जुलैपर्यंत.

या कथेत भूमिती नेहमी सांगितली जाते, जागल मात्र गाळली जाते. आमच्याकडे ज्वारी निसवली की माळ्यावर जागल असते. रात्रीच्या विजेवर मोटार लावणारा शेतकरी थंडीत बारे देत उभा असतो. तीच जागल मी इथे बर्फासाठी पाहिली. लडाखी गावांत पाण्याची पाळी ठरवणारा चुरपोन असतो, आपल्या पाटकऱ्यासारखा. आचोलेंचे वडील चुरपोन होते. पाणी कानाने ओळखायचं, हे त्यांनीच शिकवलेलं.

संशोधक आता या कानाच्याच जागी यंत्र आणू पाहत आहेत. स्वित्झर्लंडच्या फ्रिबूर विद्यापीठातल्या अभ्यासकांनी तिथल्या गुटानेन गावात आणि लेहजवळच्या गांगलेसला स्तूपांच्या नोंदी घेतल्या. थंड, कोरड्या हवेत स्तूप जास्त वाढतो आणि कारंज्यातलं बरंचसं पाणी न गोठताच निघून जातं, असं दिसलं. तापमान, आर्द्रता, वारा पाहून पाणी किती सोडायचं हे यंत्राने ठरवलं, तेव्हा नेहमीच्या साधारण एक दशांश पाण्यात तेवढाच बर्फ उभा राहिला. मला हे काम फार मोलाचं वाटतं. हिवाळ्यातली माणसाची झोप हीसुद्धा डोंगरी गावाची संपत्ती आहे, आणि तरणी मुलं लेहला, जम्मूला गेल्यावर ती कुणी किती वर्षं मोडायची?

आचोलेंना मी यंत्राबद्दल विचारलं. "येऊ दे," ते म्हणाले. "पण त्याचा पाइप गोठला तर उठवायला मलाच येतील."

उजाडलं. डोंगराच्या कडेवर ऊन आलं तसं त्यांनी वरचा व्हॉल्व्ह बंद केला आणि खालची तोटी पूर्ण उघडली. पाइपात घोटभर पाणीही राहता कामा नये. धार बारीक झाली, थेंब थेंब झाली. मी परतायला वळलो. ते तोटीशी वाकलेलेच होते, कान लावून.