चाळणीचा हिशेब

पाणी गाळून प्यावें, हा आपल्या घरांतील जुना दंडक. परंतु शेतांतील कीटकनाशकें व माणसांनीं घेतलेलीं औषधें नदींत विरघळून गेलीं, तर वस्त्राची गाळणी काय करणार? पॅरिसजवळील मेरी-स्युर-वाझ येथें १९९९ पासून वाझ नदीचें पाणी अतिसूक्ष्म पटलांतून गाळलें जातें, तें याचसाठीं.

कोणता रेणु पटलावर अडेल, याचें गणित शास्त्रज्ञ मांडतात. कण म्हणजे गोळी व छिद्र म्हणजे नळी, असें कल्पून फेरी यांनीं १९३६ मध्यें तें सोपें केलें. परंतु केवळ आकारमानानें उत्तर मिळत नाहीं. पटलावर बहुधा ऋण विद्युद्भार असतो. म्हणून आयबुप्रोफेनसारखें ऋणभारित झालेलें औषध दूर लोटलें जातें. उलट स्त्रीसंप्रेरकें पटलास चिकटतात. आरंभींच्या परीक्षेंत पाणी निर्मळ ठरतें. पटलाची शोषणशक्ति संपली, कीं तींच कांहीं अंशीं पलीकडे झिरपतात. एन-डी-एम-ए या द्रव्यानें कर्करोग होत असावा, असें मानतात. त्याचा रेणुभार अवघा ७४ व विद्युद्भार नाहीं, म्हणून तें घट्ट पटलांतूनही बरेंचसें निसटतें.

तेव्हां गणित हवेंच. पण त्याचा पडताळा दीर्घकाळ प्रत्यक्ष पाण्यांत घेतला पाहिजे. घरीं यंत्र बसविलें म्हणजे काळजी मिटली, असें आम्हांस वाटत नाहीं. चाळणी कोणती घ्यावी, हें ठरविण्यापूर्वीं आपल्या पाण्यांत काय आहे, हें गृहस्थानें तपासून घ्यावें.