दुकान मोबाईलवरचं, रीत बाजाराचीच

लग्नाच्या खरेदीला तुम्ही कधीतरी उल्हासनगरला गेल्या असाल. गजानन मार्केटमध्ये किंवा जपानी बाजारात पाऊल टाकलं की दुकानदार काय करतो? "या ताई, बसा" म्हणतो, कापड उलगडून समोर टाकतो आणि भाव सांगतो. आधी नाव-गाव लिहून घेतो का? नाही. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं इथल्या लष्करी छावणीत आली. १९४९ साली त्या वस्तीला उल्हासनगर नाव मिळालं आणि पुढे त्यांनी एवढी मोठी बाजारपेठ उभी केली. आज त्या बाजाराची आठवण काढली, कारण आमच्या गटाची वेबसाइट नेमकी याच्या उलट वागत होती.

बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन आहे. पण हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा, आणि तोडलेलं फळ दोन-तीन दिवसांत मऊ पडतं. म्हणून सरबत आणि बियांची पावडर करून वर्षभर विकायचं आम्ही ठरवलं. बचतीतून पैसे काढून वेबसाइट करून घेतली. लोक यायचे, बघायचे आणि निघून जायचे. ऑर्डर काही येईना. आपला मालच वाईट आहे की काय, असं वाटायला लागलं.

मग आम्ही ओळखीतल्या पाच जणींच्या हातात मोबाईल दिला. म्हटलं, "सरबताची एक बाटली मागवून दाखवा." आम्ही शेजारी बसलो, पण काही सांगायचं नाही असं ठरवलं होतं. वेबसाइटचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० सालीच लिहिलं होतं की पाच माणसांना वापरताना पाहिलं तरी बहुतेक मोठ्या अडचणी कळतात. आम्हालाही कळल्या.

पहिली अडचण, पान उघडेचना. फोटो मोबाईलवर काढले तसेच चढवले होते, एकेक चार-पाच एमबीचा. आपलं गिऱ्हाईक कर्जत लोकलमध्ये उभं असतं. एक हात कडीला, दुसऱ्या हातात फोन, आणि नेट येतं-जातं. ते किती थांबेल? फोटो लहान करून चढवा. दोनशे केबीच्या आत असला तरी चांगला दिसतो.

दुसरी, समोर माल नव्हता. होता उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांचा फोटो! गिऱ्हाइकाला बाटली बघायची असते. आता सगळ्यात वर बाटलीचा फोटो, खाली वजन, किंमत आणि अंगठ्याने सहज दाबता येईल असं मोठं "मागवा" बटण. सगळं मराठीत.

तिसरी, मागवायच्या आधी ईमेल आणि पासवर्ड मागत होतो. दोघी तिथेच थांबल्या. आता फक्त नाव, पत्ता, पिनकोड आणि फोन विचारतो. पैसे यूपीआयने द्या, नाहीतर व्हॉट्सअपवर ऑर्डर सांगा.

चौथी गोष्ट मनाला लागली. कुरिअरचा खर्च आम्ही अगदी शेवटी दाखवत होतो. एक वहिनी म्हणाल्या, "हे फसवल्यासारखं वाटतं." खरंच होतं ते. आता किंमतीशेजारीच कुरिअरचा खर्च लिहिला आहे.

पाचवी, भरवसा. पैसे आधी द्यायचे तर समोर कोण आहे ते कळायला हवं. गटाचं नाव, गाव, फोन, एफएसएसएआय नोंदणीचा क्रमांक, बाटली फुटली तर काय करणार, हे सगळं स्पष्ट लिहा.

मैत्रिणींनो, एकाने आम्हाला सल्ला दिला, "फक्त दोनच बाटल्या शिल्लक, असं लिहा. लोक घाईने घेतात." आम्ही नाही म्हटलं. खोटी घाई लावणं, न विचारता पिशवीत जास्तीची वस्तू टाकणं, शेवटी भाव वाढवणं, अशा १३ प्रकारच्या लबाड्यांवर केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक सूचना काढून बंदी घातली आहे. आणि बियांच्या पावडरीवर "मधुमेह बरा होतो" असं चुकूनही लिहू नका. तशा जाहिरातीला १९५४ च्या कायद्याने मनाई आहे. शिवाय कुणी ते वाचून डॉक्टरांची गोळी बंद केली, तर तिच्या जिवाचं काय?

या दुरुस्त्यांना नव्याने मोठा खर्च आला नाही. दोन दुपारी गेल्या. नंतरची पहिली ऑर्डर अंबरनाथहून आली, दोन बाटल्यांची. ऑर्डर मिळाल्याचा निरोप आम्ही त्या ताईंना लगेच पाठवला आणि माल कधी पोचेल तेही कळवलं. एकदा आलेलं गिऱ्हाईक परत येतं ते अशा साध्या गोष्टींनी.

तुमच्या गटाची वेबसाइट नसेल, नुसता व्हॉट्सअपवरचा कॅटलॉग असेल, तरी हेच लागू आहे. पुढच्या बैठकीत एवढं करा. गटाबाहेरच्या पाच जणींना बोलवा, फोन त्यांच्या हातात द्या आणि तुम्ही फक्त बघा. कुठे बोट थांबतं, कुठे कपाळाला आठी पडते, ते वहीत लिहा. गिऱ्हाईक तिथूनच परत जात असतं. पहिली दुरुस्ती तिथेच करा.