वास्तूमागचे हात

भव्य वास्तू कोणी बांधली, या प्रश्नाला पाठ्यपुस्तके बहुधा राजाचे नाव सांगून मोकळी होतात. डेव्हिड मॅकॉले यांचे १९७३ साली प्रसिद्ध झालेले ‘कॅथीड्रल’ हे मुलांचे पुस्तक मात्र पाथरवट, सुतार, लोहार आणि त्यांची हत्यारे यांना मानाचे स्थान देते. एका कल्पित फ्रेंच नगरात १२५२ मध्ये आरंभलेले चर्चचे बांधकाम १३३८ मध्ये पुरे होते. पाया खोदणाऱ्यांना शिखर पाहावयास मिळणे शक्यच नव्हते. तरीही त्यांनी पाया कच्चा ठेवला नाही. कमान जुळेपर्यंत तिला लाकडी आधार लागतो, हेही रेखाचित्रांतूनच उमगते. श्रमप्रतिष्ठेवर निबंध लिहवून घेण्यापेक्षा असे एखादे पुस्तक मुलांच्या हाती देणे अधिक श्रेयस्कर नव्हे काय?