टाकीतला सकर धरणात सोडू नका

काच साफ ठेवणारा म्हणून दुकानदार बोटाएवढा सकर मासा देतो. तो मोठा किती होईल, हे सहसा कुणी सांगत नाही. दक्षिण अमेरिकेतला हा मासा दीड फुटापर्यंत वाढू शकतो.

‘टाकी लहान असली की मासाही लहान राहतो’ हा समज चुकीचा आहे. कोंडलेल्या पाण्यात विष्ठेतला अमोनिया साठतो, कल्ले पोळतात, वाढ खुंटते. ते आजारपण असतं, जुळवून घेणं नव्हे.

मग मासा डोईजड झाला की दया येते आणि त्याला धरणात सोडलं जातं. ही दया महागात पडते. उजनी धरणाच्या मच्छीमारांना विचारा! सकरच्या काटेरी खवल्यांत जाळी अडकून फाटतात. तो काठात बिळं करून अंडी घालतो, पाण्यात ऑक्सिजन कमी पडला तर पृष्ठभागावर येऊन हवा गिळतो. त्यामुळे सहज मरतही नाही.

बुलढाणा जिल्हा तर दोन खोऱ्यांच्या दुभाजकावर आहे. येळगाव धरणातलं पाणी पैनगंगेमार्गे गोदावरीला, नळगंगेचं पूर्णेतून तापीला. म्हणजे इथल्या धरणांत सोडलेला मासा दोन्ही खोऱ्यांत पोहोचू शकतो. म्हणून नकोसा मासा दुकानदाराला परत द्या, नाहीतर मोठी टाकी असलेल्या हौशी माणसाला. नदीत मात्र नको.