उन्हाळ्यातील राखण आणि रानडुकराची शिकार

सिन्नर तालुका पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. पश्चिमेस व दक्षिणेस डोंगररांगा आणि पूर्वेस वावीकडील कोरडा माळ, अशी त्याची ठेवण आहे. उन्हाळ्यात येथे हिरवाई उरते ती देवनदी व म्हाळुंगी या नद्यांच्या काठी, बंधाऱ्यांखालील शेतांत आणि विहिरींच्या आधाराने केलेल्या पिकांत. एप्रिल-मे महिन्यांत डोंगरावरील गवत वाळते, झरे आटतात आणि रानातील जनावरे या हिरव्या पट्ट्यांकडे वळतात. त्यांपैकी रानडुक्कर हे शेतकऱ्यास विशेष उपद्रव देणारे होय. रात्री बंदूक घेऊन शेतात बसावे आणि डुकरे मारावीत, असा उपाय अशा वेळी हमखास सुचविला जातो. तो कितपत उपयोगी आहे आणि कायदा त्यास किती वाव देतो, हे पंचायत सदस्यांनी व गावपातळीवरील कर्मचाऱ्यांनी नीट समजून घेणे आवश्यक आहे.

डुकराच्या अंगी घाम येऊन शरीर थंड होण्याची सोय जवळजवळ नाही. म्हणून उन्हाळ्यात ते दिवसभर झुडपांच्या दाट सावलीत किंवा चिखलात लोळून काढते आणि अंधार पडल्यावर चरावयास निघते. त्याची दृष्टी बेताची, परंतु घ्राणेंद्रिय अत्यंत तीक्ष्ण असते. जमिनीखालच्या भुईमुगाच्या शेंगा ते वासाने हेरते आणि मुसकटाने माती उकरून काढते. सकाळी शेतकरी येऊन पाहतो तो वाफे नांगर फिरविल्यासारखे उलथेपालथे झालेले. मका व ऊस यांत खाण्यापेक्षा मोडतोड अधिक होते. (डुकराने मुसकटाने मारलेली धडक ती मुसंडी. निवडणुकीच्या बातम्यांत हा शब्द आता इतक्या सहजतेने येतो की, त्याचे मूळ कोणाच्या ध्यानीही येत नाही.)

कळपात माद्या व त्यांची पिल्ले असतात. वाढलेला नर बहुधा एकटा हिंडतो. मादीचा गर्भकाळ सुमारे ११५ दिवसांचा असून एका वेतात चार-सहा पिल्ले होणे ही सामान्य गोष्ट आहे. शिकारीच्या दृष्टीने हा तपशील महत्त्वाचा ठरतो. मचाणावर बसलेल्या माणसाची नजर मोठ्या सुळ्यांच्या एकट्या नराकडे जाते. तो मारला गेला, तरी कळपाच्या वाढीवर त्याचा परिणाम फारसा होत नाही. गोळीच्या आवाजाने कळप उधळतो आणि दुसऱ्या रात्री शेजाऱ्याच्या शेतात उतरतो. एका शेतातील नुकसान दुसऱ्या शेतात ढकलण्यापलीकडे अशा शिकारीने बहुधा काही साधत नाही.

इंग्रजी अमदानीत घोड्यावर बसून भाल्याने डुक्कर मारणे हा लष्करी अधिकाऱ्यांचा आवडता खेळ होता. पुढे बालवीर चळवळ सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेल यांनी १८८९ मध्ये त्यावर एक ग्रंथच लिहिला. तो खेळ दिवसाउजेडी चाले आणि पिकांच्या रक्षणाशी त्याचा संबंध थोडाच होता. आपल्या शेतकऱ्याची परंपरा निराळी. शेतात माळा बांधावयाचा, गोफण, डबा व टेंभा घेऊन जागल करावयाची आणि जनावरास पिकात शिरू द्यावयाचे नाही, ही ती परंपरा होय. राखण आणि शिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपले वाडवडील जाणून होते.

आता कायद्याकडे वळू. मुंबई राज्यात १९५१ च्या अधिनियमान्वये वन्य पशुपक्ष्यांना संरक्षण मिळाले. त्यानंतर १९७२ चा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम आला. आरंभी त्यात परवाना घेऊन शिकार करण्याची सोय होती. १९९१ च्या दुरुस्तीने हौशी शिकारीचे दार बंद झाले. २०२२ मध्ये झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आली असून रानडुक्कर आता अनुसूची दोनमध्ये आहे. जाळे लावणे, फासे टाकणे, विष घालणे, आमिष ठेवणे, इतकेच नव्हे तर यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे, हे सर्व कायद्याच्या व्याख्येनुसार शिकारच होय.

तथापि शेतकऱ्यास मार्गच ठेवलेला नाही, असे मात्र नाही. कलम ११ नुसार, अनुसूची दोनमधील प्राणी मानवी जीवितास अथवा उभ्या पिकासह मालमत्तेस धोकादायक झाला असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेले अधिकारी कारणे नमूद करून लेखी परवानगी देऊ शकतात. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये रोही व रानडुक्कर यांच्याबाबत अशी परवानगी स्थानिक वनाधिकाऱ्यांच्या पातळीवर मिळावी, अशी व्यवस्था केली. अर्थात अर्ज वनपरिक्षेत्र कार्यालयाकडे करावयाचा असतो.

येथे दोन गैरसमज आढळतात. पहिला बंदुकीच्या परवान्याविषयी. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली पीकसंरक्षणासाठी बंदुकीचा परवाना मिळू शकतो, परंतु तो शस्त्र बाळगण्याचा परवाना आहे. त्याच्या बळावर रानडुक्कर मारता येत नाही. त्यासाठी वनखात्याची स्वतंत्र लेखी परवानगी हवी. दुसरा गैरसमज सरपंचाच्या अधिकाराविषयी. केरळात २०२२ मध्ये स्थानिक संस्थांच्या प्रमुखांना पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुकरांबाबत आदेश देण्याचा अधिकार देण्यात आला. केंद्र सरकारनेही २०१५-१६ मध्ये बिहार व उत्तराखंड येथील ठरावीक क्षेत्रांत मर्यादित मुदतीसाठी रानडुकरास उपद्रवी प्राणी घोषित केले होते. या वार्ता ऐकून आपल्याकडेही ग्रामपंचायतीचा ठराव पुरेसा आहे, असे समजणारे काही जण आहेत. केरळातील निर्णयाचा आधार घेऊन येथील सरपंचास परवानगी देता येत नाही. विनापरवाना शिकारीस तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परवानगीने मारलेले जनावरही शासनाची मालमत्ता ठरते. त्याचे मांस वाटून घेता येत नाही.

परवानगी हाती असली, तरी सिन्नरसारख्या भागातील उन्हाळी रात्र ही गोळी झाडण्यास योग्य वेळ आहे काय, हा प्रश्न उरतोच. या दिवसांत रान रिकामे नसते. कृषिपंपांना थ्री-फेज वीज पाळीपाळीने मिळत असल्याने रात्रपाळीच्या आठवड्यात शेतकरी बारे देण्यासाठी उसात किंवा मक्यात असतो. काढलेल्या कांद्यापाशी कोणी निजलेले असते. मेंढपाळांचे वाडे मोकळ्या शेतांत बसलेले असतात. रायफलची गोळी एक किलोमीटरहून अधिक अंतरापर्यंत जाऊ शकते आणि खडकाळ जमिनीवर आदळून दिशा बदलते. काठीच्या उजेडात हललेले पान डुकराचे की माणसाचे, हे ठरविण्यास क्षणभरही मिळत नाही. जखमी डुक्कर तर पळून न जाता उलट अंगावर येते.

शिवाय हा बिबट्यांचा प्रदेश आहे. सिन्नरला लागून असलेल्या अकोले तालुक्यात संशोधकांनी केलेल्या अभ्यासात असे आढळले की, शेतीच्या भागात राहणाऱ्या बिबट्यांच्या आहारात पाळीव जनावरांचा वाटा वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के, आणि त्यातही एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के होता. तेव्हा बिबट्या डुकरे आटोक्यात ठेवील, या भरवशावर राहता येत नाही. आणि डुकरासाठी लावलेल्या सापळ्यात तो सापडण्याचा धोका मात्र कायम राहतो. बिबट्या अनुसूची एकमध्ये असल्यामुळे त्याच्या शिकारीस किमान तीन वर्षांची शिक्षा आहे.

बंदुकीहूनही घातक अशा दोन प्रकारांचा येथे उल्लेख केला पाहिजे. तारेच्या कुंपणात घरगुती वाहिनीचा २३० व्होल्टचा प्रवाह सोडणे हा पहिला. त्यात डुकराबरोबर गाय, बिबट्या आणि पहाटे बांधावरून जाणारा शेजारीही मरतो. अशा मृत्यूबद्दल शेतमालकावर फौजदारी गुन्हा दाखल होतो. पिठाच्या गोळ्यात किंवा फळात स्फोटक दडवून ठेवणे हा दुसरा. मे २०२० मध्ये केरळातील पालक्काड जिल्ह्यात एक गाभण हत्तीण स्फोटक भरलेले फळ खाऊन मरण पावली, तेव्हा देशभर हळहळ व्यक्त झाली. असे स्फोटक शेळ्या-गाईंच्या तोंडी आणि मुलांच्या हाती लागू शकते.

सौर कुंपणाचे तत्त्व वेगळे आहे. त्यातील यंत्र सेकंदाला साधारण एकदा, सेकंदाच्या अत्यल्प अंशापुरता झटका देते. जनावर दचकून मागे फिरते, मरत नाही. परंतु सर्वांत खालची तार जमिनीलगत हवी, कारण डुक्कर उडी मारण्याऐवजी खालून घुसते. तारेला गवत टेकले की झटक्याचा जोर कमी होतो, म्हणून तारेखालची जागा वरचेवर साफ करावी लागते. एकट्याने कुंपण घातल्यास कळप पलीकडच्या वावरात जातो. एका शिवारातील शेतकऱ्यांनी मिळून घातल्यास खर्चही विभागला जातो. वासाची औषधे व आवाजाची साधने यांना डुकरे थोड्या दिवसांत सरावतात; ती आलटून पालटून आणि पीक तयार होण्याच्या ऐन दिवसांतच वापरणे इष्ट. जागल करावयाची झाल्यास दोघा-तिघांनी पाळी लावून, प्रखर विजेरी घेऊन करावी. दिवसा वीज मिळाल्यास रात्री शेतात जाण्याचे कारणच बरेचसे उरणार नाही. २०१७ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेकडे या दृष्टीनेही पाहिले पाहिजे. उपकेंद्राजवळ योग्य जमीन उपलब्ध असल्यास ग्रामपंचायतीने तसा प्रस्ताव जरूर द्यावा.

नुकसान झालेच, तर भरपाईसाठी वनखात्याकडे विनाविलंब अर्ज करावा. पंचनामा होईपर्यंत शेत नांगरू नये किंवा उरलेले पीक काढून टाकू नये. पायांचे ठसे, उकरलेली माती व चघळून टाकलेली धाटे यांची छायाचित्रे घेऊन ठेवावीत. मोकाट सोडलेल्या गावडुकरांनी केलेले नुकसान या भरपाईत बसत नाही, त्यामुळे जनावर कोणते होते याची खात्री पंचनाम्यापूर्वीच केलेली बरी. सात-बारा उताऱ्यावर त्या पिकाची नोंद नसल्यामुळे अर्ज अडकू शकतो. उन्हाळी भुईमूग वा मका पेरल्यावर पीकपाहणी वेळेत नोंदविली आहे की नाही, हे तलाठी व ग्रामसेवक यांनी मार्चअखेरच गावात विचारून घ्यावे.