आतल्या खोलीतून पुढच्या खोलीत

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी भीमपूरला गेले तेव्हा आजी अंथरुणाला खिळलेली होती. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि आता मधल्या खोलीतल्या खाटेवरून उठायचं नाही असा हुकूम. मला तिच्याकडून एक काम करून घ्यायचं होतं. त्या कामापायी मी तीन दिवस घरातल्या घरात दोन कॉम्प्युटर एकमेकांना जोडत बसले. त्याची ही हकिगत. आपल्या अंकात असा लेख शोभतो का, असं संपादकांना विचारलं होतं, त्यांनी चालेल म्हटलं.

भीमपूर कुठे आलं, हे मंडळात मला दर वेळी विचारलं जातं, म्हणून आधीच सांगते. तेलंगणातला आदिलाबाद जिल्हा. पेनगंगेच्या अलीकडे आम्ही, पलीकडे महाराष्ट्र. २०१६ च्या ऑक्टोबरात तेलंगणाने जिल्ह्यांची फेररचना केली, तेव्हा भीमपूर स्वतंत्र मंडल झालं (मंडल म्हणजे तालुक्यासारखंच, पण लहान). आमच्या घरात मराठी, सरकारी कचेरीत तेलुगू आणि बाजारात हिंदी. टिपेश्वरच्या अभयारण्यातले वाघ नदी ओलांडून आमच्या शिवारात येतात, त्यांना मात्र कुणी भाषा विचारत नाही.

घराच्या पुढच्या खोलीत काकाचं दुकान आहे. झेरॉक्स, ऑनलाइन अर्ज, मराठी आणि तेलुगू लग्नपत्रिका. पंधराएक वर्षांपूर्वी, गिऱ्हाईक नसेल त्या वेळात, काकाने आजीच्या जात्यावरच्या ओव्या टाइप करून ठेवल्या होत्या. शंभरावर भरतील. छापलेली प्रत वाळवीने खाल्ली, फाइल तेवढी राहिली. ती फाइल आहे डीटीपीच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि त्या सॉफ्टवेअरची डोंगल काकाच्या कॉम्प्युटरच्या मागे खोचलेली. डोंगल नाही तर सॉफ्टवेअर उघडत नाही.

तुम्ही म्हणाल, पेनड्राइव्हवर घ्यायची. घेतली. माझ्या लॅपटॉपवर नुसता कचरा दिसला. आजचा मराठी मजकूर युनिकोडमध्ये असतो, त्यात प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. जुन्या फॉन्टांनी तसं न करता इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले होते. फॉन्ट आणि सॉफ्टवेअर असेल तर ओवी, नाही तर कुलूपबंद चिन्हं. मग प्रिंट काढून आजीला वाचून दाखवलं. पण आजी एका ओवीतून तिसरीत जाते, मधली ओळ बदलते, विसरलेली एखादी अचानक सांगते. दोन दिवसांत कागदावर इतके बाण झाले की ते मलाच वाचता येईनात. आजी पुढच्या खोलीत येऊ शकत नव्हती आणि काकाचा कॉम्प्युटर मधल्या खोलीत आणावा तर दुकान बंद. राहिलं ते रिमोट डेस्कटॉप.

रिमोट डेस्कटॉपमध्ये फाइल इकडे येत नाही. प्रोग्राम तिकडच्याच कॉम्प्युटरवर चालतो, तिकडच्याच फॉन्टवर आणि डोंगलवर. आपल्याकडे येतं ते फक्त चित्र, आणि आपल्याकडून जातात ते कळा दाबल्याचे आणि माउस हलवल्याचे निरोप. मायक्रोसॉफ्टने हे १९९८ साली विंडोज एनटीच्या टर्मिनल सर्व्हरमध्ये आणलं आणि २००१ च्या एक्सपीपासून ते साध्या कॉम्प्युटरवर आलं. काही डोंगलवाली सॉफ्टवेअरं लांबून उघडली की रुसतात. आमचं रुसलं नाही, हे नशीब.

पहिली गोष्ट, विंडोज कोणतं आहे ते बघायचं. ज्याच्यात शिरायचं तो कॉम्प्युटर ‘प्रो’ हवा. ‘होम’ आवृत्तीतून दुसऱ्याकडे जाता येतं, पण तिच्यात कुणाला घेता येत नाही. माझा लॅपटॉप होम, काकाचा प्रो, म्हणजे दिशा बरोबर होती. उलटं असतं तर तिथेच थांबावं लागलं असतं, आणि लोक नेमके इथेच दोन-दोन दिवस घालवतात. काकाच्या कॉम्प्युटरवर सेटिंग्जमध्ये सिस्टीमखाली रिमोट डेस्कटॉपचं बटण बंद होतं, ते चालू केलं. मधल्या खोलीत येऊन काकाच्या कॉम्प्युटरचं नाव टाकलं. उत्तर आलं, असा कॉम्प्युटर सापडत नाही.

इथे निरोप नीट वाचायला हवा. ‘सापडत नाही’ आणि ‘जोडता येत नाही’ हे दोन वेगळे निरोप आहेत. पहिल्यात नावावरून पत्ताच मिळालेला नसतो. दुसऱ्यात पत्ता कळलेला असतो, पण दार उघडत नाही. पहिल्यावर इलाज सोपा, नाव सोडून सरळ आकडी पत्ता द्यायचा. काकाच्या कॉम्प्युटरवर काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग असं टाइप केलं, पत्ता निघाला १९२.१६८.१.५. हे १९२.१६८ वाले पत्ते १९९४ सालापासून अशाच आतल्या नेटवर्कांसाठी राखून ठेवलेले आहेत. तुमच्या घरी बघा, बहुतेक हेच आकडे निघतील. घराबाहेर त्यांना काही अर्थ नाही.

पत्ता टाकला. आता निरोप बदलला: जोडता येत नाही.

मग मी सगळे करतात ते केलं, पिंग. माइक म्यूस यांनी १९८३ च्या डिसेंबरात लिहिलेला हा छोटा प्रोग्राम, पाणबुड्यांच्या सोनारवरून नाव घेतलेला. हाक मारायची आणि ओ येते का बघायचं. ओ आली नाही. मी काकाला ओरडून विचारलं, “काका, कॉम्प्युटर बंद केला का?” तो म्हणाला, “मी पत्रिका करून राह्यलो ना वं!” पिंगला उत्तर नाही म्हणजे समोरचा बंद, ही माझी समजूत चुकीची होती. विंडोजची फायरवॉल पुष्कळदा पिंगला मुद्दामच उत्तर देऊ देत नाही. विचारायचं ते दाराबद्दल. रिमोट डेस्कटॉपचं दार, म्हणजे पोर्ट, ३३८९. पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन ही आज्ञा, तिच्यापुढे पत्ता आणि पोर्टचा आकडा दिला की ती ट्रू किंवा फॉल्स सांगते. मला फॉल्स आलं.

या टप्प्यावर माणूस वैतागून सगळ्या सेटिंग्ज एकदम बदलतो. मीही दोन बदलल्या आणि आधी काय होतं ते विसरले. ते करू नका. अडचण अर्धी-अर्धी कापत जायची. हीच आज्ञा मी काकाच्या कॉम्प्युटरवर त्याच्या स्वतःच्याच पत्त्यासाठी दिली, म्हणजे लोकलहोस्टसाठी. ट्रू आलं. म्हणजे आत कुणीतरी दार उघडायला बसलेलं आहे. मग लॅपटॉप उचलून राउटरजवळ नेला आणि वायफाय बंद करून केबल लावली. लगेच ट्रू! म्हणजे काकाचा कॉम्प्युटर ठीक, त्याची फायरवॉल ठीक, माझा लॅपटॉपही ठीक. दोष उरला तो फक्त माझ्या वायफायमध्ये. पण त्याच वायफायवर मी आदल्या रात्री सिनेमा बघितला होता.

उलगडा केला माझ्या चुलतभावाने. तो नववीत आहे. माझ्या खांद्यावरून बघत म्हणाला, “ताई, तू तर पाहुण्यांच्या वायफायवर आहेस.”

आमच्या राउटरवर दोन नावं आहेत. एक घरच्यांचं आणि एक ‘गेस्ट’. घरच्याचा पासवर्ड लांबलचक, गेस्टचा सोपा, म्हणून मी आले त्या दिवशी पोराने मला सोपा सांगून टाकला. गेस्ट नेटवर्क हे पाहुण्याला इंटरनेट मिळावं पण घरातल्या कॉम्प्युटरांना हात लावता येऊ नये, यासाठीच असतं. राउटर आपलं काम चोख करत होता. इंटरनेट सुरळीत चालत असल्यामुळे मला शंका येण्याचं कारण नव्हतं. मुंबईला गेल्यापासून घरी पाहुणीच झाले आहे हे आई तोंडावर म्हणते, पण यंत्राने ते असं दाखवावं हे जरा लागलं. भावाने घरचा पासवर्ड टाकून दिला.

(घरात दुसरा राउटर किंवा मोबाइलचा हॉटस्पॉट वापरत असाल तर तिथेही हाच घोळ होऊ शकतो. दोन्ही कॉम्प्युटर एकाच नेटवर्कवर आहेत का, हे सगळ्यात आधी बघावं. मी ते सगळ्यात शेवटी बघितलं.)

आता लॉगिनची खिडकी आली. काकाच्या कॉम्प्युटरला पासवर्डच नव्हता. दुकानात कोण रोज टाकत बसणार? पण विंडोज रिकाम्या पासवर्डच्या खात्याला लांबून आत घेत नाही. समोर बसून चालतं, नेटवर्कवरून नाही, आणि हा नियम योग्यच आहे. चार आकडी पिनही इथे चालत नाही, खात्याचा खरा पासवर्ड लागतो. काकाची समजूत घालून पासवर्ड ठेवला आणि मी आत शिरले. माझ्या मांडीवरच्या लॅपटॉपवर काकाचा डेस्कटॉप, त्यावर अर्धवट लग्नपत्रिका. आनंदाने आजीला दाखवणार तोच पुढून आरोळी, “अवं पोरी, का केलं तुनं! माझा स्क्रीन गेला!”

साध्या विंडोजमध्ये एका वेळी एकच माणूस बसू शकतो. मी आतून शिरले की पुढच्या खोलीतला पडदा कुलूपबंद. काकाने पासवर्ड टाकला की मी बाहेर. आम्ही दोनदा एकमेकांना हाकललं, आणि नवरदेवाचे वडील काउंटरपाशी उभे. पत्रिका शाबूत होती, कारण कुलूप लागलं तरी उघडा प्रोग्राम बंद पडत नाही. पण काकाचा विश्वास बसायला संध्याकाळ लागली. दोघांना एकच पडदा एकाच वेळी बघायचा असेल तर व्हीएनसीसारखा वेगळा प्रकार घ्यावा लागतो. आम्ही सोपा तह केला: दिवसा काका, दुकान बंद झाल्यावर मी.

त्या रात्री आजीचं काम सुरू झालं. उशीला टेकवून बसवलं, अक्षरं मोठी केली. तिला वाचता येत नाही, पण मी वाचते तेव्हा तिला पडद्याकडे बघायचं असतं. पहिल्याच पानावर तिने मला थांबवलं. काकाने ‘पैनगंगा’ टाइप केलं होतं. “आमी पेनगंगाच म्हनतो. हे पुस्तकातलं कोन घातलं?” काकाने घातलं होतं, शुद्ध म्हणून. मी तिथल्या तिथे बदललं.

अर्ध्या तासाने पडदा गोठला. पुढचा कॉम्प्युटर झोपी गेला होता. पॉवरच्या सेटिंगमध्ये स्लीप ‘कधीच नाही’ केलं. दुसऱ्या रात्री लाइट जाऊन आली आणि आदल्या रात्री चालणारा पत्ता चालेना, कारण राउटर नव्याने सुरू होताना पत्ते नव्याने वाटतो. काकाचा कॉम्प्युटर पाचवरून सातवर गेला होता. राउटरच्या पानावर जाऊन त्या कॉम्प्युटरसाठी पत्ता राखून ठेवला की हा त्रास कायमचा संपतो.

तिसऱ्या रात्री भीमपूरचं इंटरनेटच गेलं. भाऊ कपाळाला हात लावून बसला, आणि माझंही काळीज हललं, कारण दोन दिवसांनी माझी गाडी होती. पण आजीच्या पडद्यावर काहीच थांबलं नाही. मी लिहीत होते, अक्षरं उमटत होती. तेव्हा मला हे पहिल्यांदा खरं कळलं, की या खोलीतून त्या खोलीत जायला आपल्याला बाहेरचं कुणी लागतच नाही. लॅपटॉप, राउटर, काकाचा कॉम्प्युटर, सगळं भिंतीच्या आत. राउटरला वीज असली की पुरे. डेटा पॅकमधलाही एक थेंब जात नाही. एनीडेस्कसारखी अॅप्स साधारणपणे इंटरनेटवरच्या त्यांच्या सर्व्हरच्या ओळखीने जोडून देतात, त्या रात्री ती आमच्या कामाची नव्हती.

आता मुंबईहून तो कॉम्प्युटर उघडावासा वाटतो. राउटरमध्ये ३३८९ चं दार थेट बाहेरच्या जगाला उघडून द्यायचं, असा उपाय तुम्हाला कुणीतरी सांगेल. तो करू नका. २०१९ च्या मे महिन्यात याच सोयीतली ब्लूकीप नावाची फट उघडकीला आली होती. विंडोज ७ आणि त्याच्या आधीच्या कॉम्प्युटरांत तिच्यातून पासवर्डशिवाय शिरता येत होतं. मायक्रोसॉफ्टला कधीच निवृत्त केलेल्या एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढावी लागली. बाहेरून जायचंच असेल तर आधी व्हीपीएनने घरच्या नेटवर्कमध्ये यावं. आणि फोनवरून कुणी ‘बँकेतून बोलतोय, हे अॅप टाका’ म्हणालं तर फोन ठेवावा. तो माणूस तुमच्या पडद्यावर असाच येऊन बसतो, जशी मी काकाच्या पडद्यावर बसले होते.

निघायच्या आदल्या रात्री पावणेदोनला शेवटचं पान झालं. सतरा ओव्या आजीने नव्या सांगितल्या, चार काढून टाकायला लावल्या, त्या शेजारणीच्या आहेत म्हणून. आता त्या युनिकोडमध्ये आणायचं काम चालू आहे. ऱ्हस्व-दीर्घ आणि जोडाक्षरं हाताने तपासावी लागतात, मंडळातलं कुणी मदतीला आलं तर बरं होईल. काकाच्या कॉम्प्युटरवर आता एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. तिच्यावर पत्ता लिहिलाय, आणि खाली काकाच्या अक्षरात: पासवर्ड पोरीला विचारा.