ओकावांगोचा उलटा ऋतू : बोट्स्वानाच्या सफारीचे नियोजन

दक्षिण आफ्रिकेच्या उत्तरेस असलेला आणि चारी बाजूंनी जमिनीने वेढलेला बोट्स्वाना ३० सप्टेंबर १९६६ रोजी ब्रिटिश अमलातून मुक्त झाला. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५ लाख ८२ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट असले, तरी लोकसंख्या सुमारे २५ लाखच आहे. आणि बहुतेक भूभाग कालाहारीच्या वाळूने व्यापलेला असल्याने तेथील वन्यजीवन पाण्यामागे फिरते. म्हणूनच या देशात सफारी ठरवताना पाऊस केव्हा पडतो, एवढेच पाहून भागत नाही. पाणी केव्हा कोठे पोहोचते, हेही जाणून घ्यावे लागते.

पावसाळा साधारणपणे नोव्हेंबर ते मार्च असतो. परंतु समुद्राला न मिळता वाळवंटातच पसरणाऱ्या ओकावांगो नदीच्या त्रिभुज प्रदेशात पूर भरतो तो ऐन कोरड्या हिवाळ्यात. अंगोलाच्या डोंगराळ भागात पडलेला पाऊस क्युबांगो आणि क्विटो या नद्यांतून खाली येतो आणि जमिनीला उतार जेमतेम असल्याने, पपायरसच्या दाटीतून वाट काढत, जून ते ऑगस्टच्या सुमारास माउन गावापर्यंत पोहोचतो. यातील बहुतांश पाणी बाष्पीभवनाने आणि वनस्पतींच्या पानांवाटे हवेत परतते.

तरीही येथील पाणी गोडे राहते, यामागे वाळवीच्या वारुळांचाही वाटा आहे. पुराबाहेर उरलेल्या वारुळाच्या उंचवट्यावर झाडे रुजतात, त्यांची मुळे भोवतालचे पाणी शोषतात आणि मागे राहिलेले क्षार बेटाच्या पोटात साचत जातात. त्यामुळे बेटाची कड हिरवीगार, तर मध्य पांढरट आणि उजाड दिसतो. २०१४ मध्ये हा प्रदेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतील १००० वे स्थळ ठरला.

मोकोरो या अरुंद, उथळ होडीतून फिरायचे असेल, तर पुराचे जून ते ऑगस्ट हे महिने उत्तम. मात्र तेव्हा पहाटे उघड्या जीपमध्ये कडाक्याची थंडी वाजते, म्हणून उबदार कपडे न्यावेतच. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाणवठे आटत जातात, उन्हाचा पारा चाळिशीला टेकतो आणि चोबे नदीकाठी हत्तींचे मोठे कळप जमतात. पाऊस सुरू झाला, की माकगादिकगादीच्या खारपटांभोवती गवत उगवते आणि झेब्र्यांचे कळप तिकडे वळतात. पक्षिनिरीक्षकांनी हाच काळ साधावा. उत्तर भागात, विशेषतः पावसाळ्यात, मलेरियाचा धोका असल्याने निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घेणे अगत्याचे आहे.

पर्यटक मोजके आणि दर चढे, असे सरकारी धोरण असल्याने येथील सफारी महागडी ठरते, पण त्यामुळेच अरण्यावरचा ताणही मर्यादित राहतो. पुराचे प्रमाण मात्र दरवर्षी सारखे नसते. २०१९ च्या दुष्काळात ते फारच घटले होते. या पाण्याच्या रक्षणासाठी अंगोला, नामिबिया आणि बोट्स्वाना यांनी १९९४ मध्ये संयुक्त आयोग स्थापन केला, कारण नदीच्या वरच्या अंगाला होणारा प्रत्येक उपसा खालच्या बेटांपर्यंत जाणवतो. प्रवाशानेही तारखा नक्की करण्याआधी अंगोलात पाऊस कसा झाला, याची चौकशी करावी. ओकावांगोचे यंदाचे रूप तेथेच ठरलेले असते.